प्रभूचं येणं, रॅप्चर आणि शेवटचा काळ: घरसभेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या वडगाव शेरीत दर गुरुवारी संध्याकाळी आमची घरसभा भरते. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाचा व्हिडिओ जगभर फिरला. २३ आणि २४ सप्टेंबरला प्रभू आपल्या लोकांना उचलून नेणार, असं तो त्यात सांगत होता. आपल्या मराठी ग्रुपांवरही तो आला. त्या आठवड्यात मला जे फोन आले ते वाद घालण्यासाठी नव्हते. एका आईची बारावीतली मुलगी तीन रात्री झोपली नव्हती. एका भावाने नोकरीचा राजीनामा लिहून खिशात ठेवला होता.

तेव्हापासून ही उत्तरं लिहायचं मनात होतं. मी पाळक नाही, निवृत्त शिक्षिका आहे आणि बरीच वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबल शिकवते. मंडळ्यांमध्ये जिथे मतभेद आहेत तिथे ते सांगेन. माझं मत देईन तिथे ते माझं आहे असं म्हणूनच देईन.

रॅप्चर म्हणजे नेमकं काय? हा शब्द बायबलमध्ये आहे का?

मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हा शब्द सापडणार नाही, पण ती घटना सापडेल. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय उघडा आणि १३ ते १८ ही वचनं वाचा. जिवंत उरलेले आपण ‘घेतले जाऊ’ असं तिथे आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘हार्पाझो’, म्हणजे झटकन उचलून घेणं. लॅटिन भाषांतरात तिथे ‘रापिएमुर’ आलं आणि त्यावरून इंग्रजीत रॅप्चर. आपल्या मंडळ्यांत कोणी ‘उचललं जाणं’ म्हणतात, कोणी ‘घेतलं जाणं’.

पण प्रेषित पौलाने हे का लिहिलं ते आधी पाहा. साधारण इसवी सन ५० च्या सुमाराची गोष्ट. आजच्या ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातली मंडळी नवीकोरी होती. प्रभू लवकर येणार या आशेवर ती जगत होती, आणि तेवढ्यात त्यांच्यातली काही माणसं मरण पावली. मागे राहिलेल्यांना घोर लागला: आपली माणसं आता प्रभूच्या येण्याला मुकली का? पौल लिहितो, मुळीच नाही. प्रभू स्वतः आज्ञाध्वनी करत, देवाच्या तुतारीच्या नादात उतरेल. ख्रिस्तात जे मेले ते आधी उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर. ‘त्यांच्याबरोबर’ हा शब्द बोट ठेवून वाचा. शेवटचं वचन आहे, ‘ह्या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा.’ हे मयताच्या घरी पाठवलेलं पत्र आहे. त्याची धमकी कशी झाली, हे मला आजही कळत नाही.

सगळे ख्रिस्ती रॅप्चर मानतात का?

येशू पुन्हा येईल, मेलेले उठतील आणि न्याय होईल, हे सगळे मानतात. दर रविवारी आपण विश्वासांगीकारात म्हणतो ते हेच: जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास तो येईल. मतभेद आहेत ते क्रमाबद्दल.

पुण्यातल्या बऱ्याच पेंटेकॉस्टल आणि ब्रदरन मंडळ्यांत शिकवतात की प्रभू आधी मेघांपर्यंत येऊन मंडळीला घेऊन जाईल, मग पृथ्वीवर सात वर्षांचं महासंकट येईल आणि त्यानंतर तो सर्वांना दिसेल असा उतरेल. म्हणजे येणं दोन टप्प्यांत. ही मांडणी १८३० च्या दशकात ब्रदरन मंडळीचे शिक्षक जॉन नेल्सन डार्बी यांनी रुजवली. अमेरिकन पाळक सायरस स्कोफिल्ड यांच्या टिपांसह १९०९ मध्ये इंग्रजी बायबल निघालं, त्यातून ती मिशनऱ्यांच्या पेट्यांमध्ये बसून जगभर गेली. काही जण मंडळी महासंकटाच्या मध्यावर घेतली जाईल म्हणतात, काही जण शेवटी.

कॅथलिक मंडळी वेगळं, गुपचूप घेतलं जाणं शिकवत नाही. तिच्या धर्मशिक्षणाप्रमाणे ख्रिस्त येण्याआधी मंडळीलाही अखेरच्या परीक्षेतून जावं लागेल. ऑर्थोडॉक्स मंडळ्या आणि जुन्या प्रॉटेस्टंट परंपरांमधले बहुतेक जणही येणं एकच मानतात. म्हणून नाना पेठेतल्या सिटी चर्चमधल्या तुमच्या मावशीला ‘तू रॅप्चरला तयार आहेस का?’ असं विचारलंत, तर तिला प्रश्नच कळणार नाही. त्यावरून तिचा विश्वास कमी ठरत नाही.

मग तुमचं मत काय?

लहानपणी मी दोन टप्प्यांचं शिकले. सभेच्या भिंतीवर त्याचा कापडी तक्ता टांगलेला असायचा. आज मला वाटतं की घेतलं जाणं आणि येणं ही एकच घटना आहे. एका मराठी शब्दानेच मला तिथे आणलं.

आपल्या शास्त्रात लिहिलंय, ‘प्रभूला सामोरे होण्यासाठी’. हा ‘सामोरे’ फार नेमका आहे. ग्रीकमध्ये तिथे ‘अपांतेसिस’ हे नाम आहे. मोठा पाहुणा किंवा राजा यायचा तेव्हा नगरातली माणसं वेशीबाहेर जाऊन त्याला भेटत आणि मिरवत आत आणत, त्यासाठी हा शब्द वापरत. नव्या करारात तो आणखी दोनदा येतो. दहा कुमारींच्या दाखल्यात ‘वर येत आहे, त्याला सामोऱ्या जा’ अशी हाक होते तिथे, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात. पौल येतोय असं ऐकून रोमचे बंधू ६०-६५ किलोमीटर पुढे येतात आणि त्याला शहरात घेऊन जातात. कुमारी वराला घेऊन घरात शिरतात. रोमचे बंधू पौलाला घेऊन रोममध्ये शिरतात. भेटायला गेलेला माणूस पाहुण्याबरोबर पाहुण्याच्या गावी निघून जात नाही.

मराठी माणसाला हे समजावून सांगावंच लागू नये. आपल्याकडे सीमांतपूजन आहे. वऱ्हाड गावच्या सीमेवर आलं की वधूकडची माणसं पुढे जाऊन वराचा सन्मान करतात आणि वाजतगाजत त्याला मांडवात आणतात. आज ते पुण्यातल्या कार्यालयाच्या दारात आदल्या संध्याकाळी उरकतात, पण नावात सीमा अजून आहे. मी ख्रिस्ती घरातली, आमच्याकडे हा विधी होत नाही. शेजारच्या लग्नात पहिल्यांदा पाहिला आणि थेस्सलनीकाकरांचा चौथा अध्याय उलगडला. आपण वर जाणार ते या पृथ्वीवरून सुटका करून घ्यायला नाही. वराला सामोरे होऊन त्याला त्याच्या पृथ्वीवर घेऊन यायला जाणार. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायातही, पवित्र नगरी खाली उतरते, माणसं वर जात नाहीत.

दोन टप्पे मानणारे माझे बंधू म्हणतात की एका शब्दावर एवढं ओझं टाकू नये, पौलाने पुढची दिशा लिहिलेली नाही. ही हरकत खरी आहे. माझा धाकटा भाऊ तेच मानतो, आणि आम्ही दोघं एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेतो.

‘शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल’, हे रॅप्चरबद्दलच आहे ना?

मत्तय २४:४० आणि ४१. तिथे जात्यावर दळणाऱ्या दोघीही आहेत. माझी आजी आणि तिची जाऊ पहाटे समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत दळायच्या, त्यामुळे हे वचन मला डोळ्यांसमोर दिसतं. एक हात खुंट्यावरून अचानक नाहीसा होतो.

पण घेतली जाणारी भाग्यवान की राहणारी? येशू लगेच आधी नोहाच्या दिवसांबद्दल बोलतोय. जलप्रलयाने कोणाला वाहवून नेलं? जे गाफील होते त्यांना. नोहा मागे राहिला. लूकच्या १७ व्या अध्यायात हेच ऐकून शिष्य विचारतात, ‘कोठे, प्रभो?’ आणि उत्तरात गिधाडं जमण्याची गोष्ट येते. या बाजूने वाचलं तर इथे घेतलं जाणं म्हणजे न्यायात सापडणं. उलट बाजूही आहे. प्रलयाच्या ‘नेण्याला’ आणि जात्यावरच्या ‘घेण्याला’ ग्रीकमध्ये वेगवेगळी क्रियापदं आहेत, आणि दुसरं क्रियापद योहान १४:३ मध्ये येशू ‘तुम्हांला आपल्याजवळ घेईन’ म्हणतो तेच आहे. मी पहिल्या वाचनाकडे झुकते. येशूला काय हवंय ते दोन्ही वाचनांत सारखंच राहतं: दळता दळता जागं असणं.

तारीख कळू शकते का?

नाही. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, असं येशू स्वतः सांगतो (मत्तय २४:३६). ‘दिवस कळत नसेल, पण महिना तर कळेल’ असं म्हणणारे मला भेटलेत. त्यांनी प्रेषितांची कृत्ये १:७ वाचावं.

अमेरिकेत उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काही शेतकऱ्यांनी त्या वर्षी उभं पीक कापलं नाही. रेडिओवरचे उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर. लोकांनी आयुष्याची बचत जाहिरातींवर घातली होती. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं. ती कबुली मला मोलाची वाटते. पण व्हिडिओ फिरतात तसे कबुलीजबाब फिरत नाहीत. २३ सप्टेंबरचा व्हिडिओ पाठवणाऱ्यांपैकी एकानेही २५ तारखेला ‘माझं चुकलं’ असं ग्रुपवर लिहिलं नाही. तुम्ही तो पुढे पाठवला असेल तर आजही तेवढं लिहा. ती बारावीतली मुलगी कदाचित त्याच ग्रुपवर असेल.

महासंकट, ख्रिस्तविरोधी आणि हजार वर्षांचं राज्य, थोडक्यात सांगाल का?

सात वर्षांचा हिशोब दानीएल ९:२७ मधल्या शेवटच्या ‘सप्तका’वरून येतो. त्याचा अर्धा भाग म्हणजे प्रकटीकरणातले १२६० दिवस किंवा ४२ महिने. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द प्रकटीकरणात नाहीच, तो योहानाच्या पत्रांत आहे, आणि योहान म्हणतो की असे पुष्कळ जण आधीच उठले आहेत. ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात येतात. काही जण ती अक्षरशः घेतात. पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टीनपासून पुष्कळांनी ती सध्याच्या मंडळीच्या काळाचं चित्र मानली. मीही तसंच मानते, पण यावर कोणाशी अबोला धरणार नाही.

६६६ म्हणजे आधार कार्ड? की लस?

दोन्ही नाही. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात एक श्वापद लोकांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण करवतं, तिच्याशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही, आणि त्या श्वापदाची संख्या ६६६ सांगितली आहे. आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली आणि लवकरच ‘हीच ती खूण’ अशी कुजबुज सुरू झाली. आधी बारकोडबद्दल तेच ऐकलं होतं, नंतर फास्टॅगबद्दल ऐकलं.

प्रकटीकरण हे रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे. बहुतेक अभ्यासक ते इसवी सन ९५ च्या आसपासचं मानतात. पुष्कळ अभ्यासकांच्या मते तिथल्या व्यापाऱ्यांवर सम्राटाच्या पूजेत सामील होण्याचं दडपण असे, नाहीतर बाजारात जागा मिळणं कठीण होई. ‘विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही’ हे त्यांच्यासाठी रोजचं जगणं होतं. हिब्रू अक्षरांना आकड्यांच्या किमती असतात. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमन सम्राट नीरो, या नावाची बेरीज ६६६ होते. ‘नेरोन’मधला शेवटचा ‘न’ गाळला तर ६१६, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ च आहे.

कपाळ आणि हात का? जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (६:८) देवाची वचनं हाताला बांध आणि कपाळावर लाव अशी आज्ञा आहे. श्वापद तिची नक्कल करतं. प्रकटीकरणाच्या पुढच्याच अध्यायात (१४:१) कोकऱ्याच्या, म्हणजे येशूच्या, लोकांच्या कपाळावर त्याचं नाव आहे. ते नाव कोणी यंत्राने गोंदत नाही. तुम्ही कोणाची उपासना करता, एवढाच या खुणेचा प्रश्न आहे. ती नकळत, दंडावर सुई टोचून लागत नाही.

हे मी तळमळीने लिहिते, त्याला कारण आहे. २०२१ मध्ये लस आपल्याच पुण्यात, हडपसरला तयार होत होती. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी ती घेतली नाही. ‘श्वापदाची खूण’ सांगणारा एक व्हिडिओ त्यांना कोणीतरी पाठवला होता. त्या एप्रिलमध्ये गेल्या. लस घेऊन वाचल्या असत्या की नाही ते देव जाणे. पण शेवटच्या आठवड्यात त्यांच्या मनात जी भीती होती, ती शास्त्रातून आलेली नव्हती.

इस्राएलच्या बातम्यांवरून काळ ओळखता येतो का?

१४ मे १९४८ ला इस्राएल राष्ट्र झालं, त्यात ४० वर्षांची एक पिढी मिळवून कित्येकांनी १९८८ काढलं. १९८८ येऊन गेलं. रोमकरांच्या पत्राच्या ११ व्या अध्यायात पौलाला इस्राएलबद्दल फार मोठी आशा आहे आणि ती मी धरून आहे. पण कॅम्पातलं लाल देऊळ आठवा. १८६७ चं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. आपले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, शेजारी घरात मराठी बोलतात. रणगाड्यांच्या बातम्या पाहून ‘हालेलुया, काळ जवळ आला’ म्हणताना तिकडे कोणाचा तरी मुलगा, गाझात कोणाची तरी लेक मरते आहे. येशू यरुशलेमकडे पाहून रडला होता.

कल्की अवतार आणि प्रभूचं येणं एकच का?

शेजारी हे खरोखर जाणून घ्यायला विचारतात, म्हणून नीट उत्तर द्या. दोन्हीकडे पांढरा घोडा आहे, हे त्यांचं निरीक्षण बरोबर आहे (प्रकटीकरण १९:११). पण कलियुग ४,३२,००० वर्षांचं सांगतात आणि ते संपलं की पुन्हा सत्ययुग येतं, चक्र फिरत राहतं. आमच्या श्रद्धेत गोष्ट एकदाच घडते. आणि येणारा नवा कोणी नसतो, ज्याच्या हातांत खिळ्यांचे वण आहेत तोच येतो.

प्रभू लवकर येणार असेल तर गृहकर्ज, मुलांचं शिक्षण, नोकरी कशाला?

थेस्सलनीकातही काहींनी काम सोडलं होतं. पौलाने दुसऱ्या पत्रात त्यांना खडसावलं: ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. तो राजीनामा लिहिलेल्या भावाला मी हेच वाचून दाखवलं. त्याने कागद फाडला.

आणि केडगावकडे पाहा, दौंडच्या वाटेवर. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यातच पुण्यात प्लेग. शेवट आला असं म्हणायला पंडिता रमाबाईंइतकं सबळ कारण कोणाला होतं? त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली आणि बायका घेऊन आल्या. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, अंध मुलींना वाचायला शिकवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते बायबल १९२४ मध्ये छापून निघालं. १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं. मुलींचे प्रार्थनेचे तास वाढले. शेती आणि छापखाना चालूच राहिला.

मुलं घाबरतात. त्यांना काय सांगावं?

शाळेतून आल्यावर घर रिकामं दिसलं आणि ‘आई घेतली गेली, मी राहिले’ म्हणून मी एकदा जिन्यात बसून रडले आहे. आई पाणी भरायला खाली गेली होती. म्हणून मुलांना सात वर्षांचा तक्ता दाखवू नका. येशूने लेकरांना कवेत घेतलं होतं आणि येणारा तोच आहे, एवढं सांगा. मूल रात्री उठत असेल तर घाबरवणारे व्हिडिओ बंद करा, जवळ झोपा. महिनाभरात कमी झालं नाही तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

माझे आईवडील विश्वासात नाहीत. ते मागे राहतील का?

हा प्रश्न बहुतेक वेळा सभा संपल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात येतो. गावाकडे आईवडील, इथे पुण्यात एकटाच विश्वासात आलेला मुलगा.

तारण येशूत आहे, हे मी पातळ करून सांगणार नाही. पण न्यायाधीश तुम्ही नाही आणि मीही नाही. वधस्तंभावरच्या चोराने शेवटच्या तासाला एक वाक्य म्हटलं आणि ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे ऐकलं. कोणाच्या शेवटच्या तासात काय होतं ते आपल्याला दिसत नाही. अब्राहामाने विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? मी त्या प्रश्नाला धरून झोपते. आईला रॅप्चरची भीती घालू नका. सुट्टीत गावी जा, तिच्या औषधांचं बघा, तिच्यासाठी रोज प्रार्थना करा. तिने विचारलं तर येशूबद्दल बोला.

दहन झालं असेल तर पुनरुत्थान होईल का?

होईल. कोविडच्या काळात काही ख्रिस्ती कुटुंबांना दफनाऐवजी दहन स्वीकारावं लागलं आणि ती सल अजून आहे. सिंहांनी खाल्लेले आणि खांबाला बांधून जाळलेले साक्षीदार मंडळीने कधी हरवलेले मानले नाहीत. ज्याने मातीतून माणूस केला त्याला राख अडचणीची नाही. कॅथलिक मंडळीनेही १९६३ पासून दहनाला मोकळीक दिली आहे. मात्र अस्थी विखरू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात, असं २०१६ मध्ये पुन्हा सांगितलं.

कबरीत पाय पूर्वेकडेच हवेत का?

जुनी प्रथा आहे. मत्तय २४:२७ मध्ये वीज पूर्वेकडून निघून पश्चिमेपर्यंत चमकते, तसं मनुष्याच्या पुत्राचं येणं होईल असं लिहिलंय. म्हणून पाय पूर्वेला ठेवत, की उठल्याबरोबर तोंड त्याच्याकडे असावं. सुंदर कल्पना आहे, पण आज्ञा नाही. पुण्यात कबरस्तानात मिळेल तशी जागा घ्यावी लागते. माझ्या वडिलांची कबर दक्षिणोत्तर आहे. भिंतीलगत तेवढीच जागा शिल्लक होती.